ताठ ओढलेली बाज

"त्याच्या खांद्याला काहीच झालं नव्हतं."

जालन्याच्या दवाखान्यातून परतल्यावर हे दारात उभे राहून एवढंच बोलले. मी अंगणात ज्वारी पाखडत होते. बैलगाडी मागून हळूहळू येत होती, आणि हे तिला मागं टाकून चालत पुढं आले होते. सोपान गेला, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. मी सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा पाखडायला लागले... त्याला आता महिना उलटून गेला, पण माझं ते उचलणं-ठेवणं काही थांबलेलं नाही. एका जागी बसवत नाही. मी हे लिहायला बसले तरी दोनदा उठून चुलीपाशी जाऊन आले, चूल विझलेली असताना.

सोपान माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी बदनापूरला आले तेव्हा निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, आणि हा दहा-अकरा वर्षांचा, नाक पुसायला माझा पदर ओढणारा. दिराला भावजी म्हणावं, असं सासूबाईंनी चारदा सांगितलं. मी म्हणायचे, आधी याचं नाक कोरडं होऊ द्या, मग म्हणते. पुढं यांच्या, थोरल्या भावाच्या, पावलावर तोही तालमीत गेला, अंगानं भरला, दाराच्या चौकटीत मावेनासा झाला, आणि येता-जाता मलाच टोमणे मारायचा, "वैनी, आता तरी म्हणा भावजी!" दूध प्यायचा ते चुलीपाशी उभ्यानं, पातेलं तोंडाला लावून. मी ओरडायचे, तो मिशीला लागलेली साय पुसत पळायचा. दर पावसाळ्यात मात्र हिवताप त्याला गाठायचाच. दोन गोधड्यांखाली कुडकुडायचा, आणि ताप उतरला की पुन्हा आखाड्यात हजर. सासूबाई त्याच्या अंगाला तेल लावताना कौतुकानं सांगायच्या, डाव्या बरगडीखाली कसं टणक लागतंय बघ, व्यायामाचं अंग हाय! आम्हीही हात लावून बघायचो आणि मान डोलवायचो.

यंदा पिंपळगावच्या जत्रेत त्यानं कुस्ती जिंकली. समोरच्या गड्याला उचलून टाकताना दोघंही पडले आणि त्या गड्याचा गुडघा सोपानच्या पोटात, डाव्या अंगाला बसला. क्षणभर कळवळला म्हणे, मग उठून उभा राहिला, फेटा बांधून घेतला, हसत घरी आला. त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठला. दुसऱ्या दिवशी पोट थोडं दुखतंय म्हणाला आणि मग पोटाचं नावच काढलं नाही. डावा खांदा ठणकायला लागला होता ना! आणि आमचं घर तालमीचं. खांदा म्हटलं की आमच्याकडं सगळेच जाणते. तालमीतले उस्ताद रोज कोमट तेलाची वाटी घेऊन यायचे, खांदा चोळायचे, हात ओढायचे, म्हणायचे, नस चढली, बिलकुल फिकर नको, जल्दी उतरेल. उतरली नाही.

बसलं की त्याला जरा बरं वाटायचं, आडवं पडलं की खांद्यातून कळ यायची. म्हणून तो भिंतीला टेकून बसून राहायचा. यांच्या डोक्यात आलं की बाज ढिली झालीय, झोळीत पडल्यासारखा खांदा खाली जातो, त्यानं दुखतं. झालं! बाजारातून नवी दोरी आली. हे भर दुपारी बाजेला पाय लावून एकेक पीळ ओढत बसले आणि सोपान शेजारी बसून दोरीचं टोक धरत होता. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पिठासारखे पांढरे. मी म्हटलं, याचा रंग बघा, जालन्याला नेऊ. तर हे म्हणाले, "खांद्यासाठी कुणी डॉक्टर गाठतं का? लोक हसतील." सोपानही हसला. बाज झाली, वाजवली तर टणटण वाजेल अशी. पड आता, म्हणाले हे. तो पडला आणि लगेच उठून बसला.

"वैनी, पडलं की जास्तच ठणकून राह्यलं. मी बसूनच बरा."

त्यानं याहून उघड काय सांगायला हवं होतं? पण सगळ्या घरानं ते बाजेबद्दल ऐकलं. मला आमचा सगळ्यांचा राग येतो, फार राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध प्यायला उठला आणि चुलीपाशीच कोसळला. हातपाय गार, पोट फुगून घट्ट झालेलं. गाडीत कडबा टाकून त्यावर निजवलं. पाणी पाणी करत होता. मी ओठ ओले केले तेव्हा म्हणाला, "बाजेवर कुणाला बसू देऊ नका वैनी. दादानं लई कष्टानं ओढली."

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, डावा खांदा दुखत होता का? हे चाटच पडले. हिवतापानं त्याची पाणथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, आधीच सुजलेली होती. आम्ही कौतुकानं चाचपायचो ते तीच. गुडघ्याच्या मारानं तिला आतल्या आत चीर गेली, रक्त झिरपत राहिलं आणि शेवटी ती फुटली. पोटात साठलेलं रक्त वरच्या पडद्याला लागलं की दुखतो खांदा, आणि आडवं पडलं की जास्त दुखतो. वेळेवर आणला असता तर ती काढून टाकता आली असती, माणूस तिच्यावाचून जगतो, असं डॉक्टर म्हणाले. यांनी हे मला एकदम सांगितलं नाही. एक वाक्य जेवताना, एक मोटेवर जाताना... असं जुळवत मी ते पुरं केलं.

आता तालमीतून परतणारी पोरं दिसली की मी रस्त्यातच अडवते. पोटात मार बसला का रे? पडल्यावर खांदा दुखतो का? पोरं आधी हसायची, आता मला बघून गल्ली बदलतात. बदलू देत. मी पुढच्या गल्लीत जाते. उस्ताद आमच्याकडं येत नाहीत, पण त्यांनीही आखाड्यात हेच विचारायला सुरुवात केलीय म्हणतात.

बाज ओसरीतच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, सासूबाई वाळवणही घालत नाहीत. काल दुपारी मी शेतात मजुरांना भाकरी देऊन परत आले तर हे बाजेला पाय लावून दोरी ओढत होते, दात-ओठ खाऊन. मी विचारलं, ढिली झाली का?

"न्हाई," म्हणाले, आणि ओढतच राहिले. मी शेजारी बसले आणि दोरीचं टोक धरलं.