ऐंशीवर थांबलेली बॅटरी

माझ्या नवऱ्याची वाचा गेली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलत होतं. बाकीचं अंग मज्जातंतूंच्या आजारानं वर्षभरात नेलं होतं. लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक अक्षर उजळायचं, हवं ते आलं की ते बोटाखालचं बटण दाबायचे. मग लॅपटॉप त्यांचं वाक्य एका बाईच्या आवाजात बोलायचा. वाळूजच्या कंपनीत वीस वर्षं मशिनी दुरुस्त केलेला माणूस. त्यांचं "लई दुखतंय" त्या गोड, शहरी आवाजात ऐकलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला असायचा. एक दिवस तो खालून फुगला, झाकण लागेना. रिक्षा करून औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले.

"ताई, कायम फुल ठेवली की बॅटरी फुगणारच," दुकानदार म्हणाला. "नवी टाकतो. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी सेटिंग करून देतो. चार वर्षं बघायला नको."

दुरुस्तीला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ते नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि मला काही म्हणता काही कळलं नाही. म्हणून नंतर त्या ऐंशीला मी कुणाला हात लावू दिला नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. बॅटरी तरी मला जपता येत होती.

मे महिन्यात जमिनीच्या कागदांसाठी मला वैजापूरला, तहसिलीत जावं लागलं. घरी सासूबाई होत्या. सकाळीच लाईट गेली. दुपारी इन्व्हर्टर बसला, मग लॅपटॉपही. मी पाचला पोचले तर सासूबाई पलंगाशी बसून विचारत होत्या, "काय पाह्यजे रे बाळा? पाणी? सांग की." पडदा काळा होता. ह्यांचा डावा हात पाठीखाली मुरगळून अडकला होता. केव्हापासून, कुणास ठाऊक. ओढून काढला तर बोटं निळी पडलेली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं.

सातला लाईट आली. लॅपटॉप सुरू झाल्यावर बराच वेळ त्यांचं बोट चालू होतं.

"बॅटरी किती वर्षं टिकवायची?"

"दुकानदार चार म्हणाला."

"मी लई तर एक."

"गप्प बसा!" मी ओरडले. ज्यांची वाचा गेली त्यांना मी गप्प बसा म्हणाले. सासूबाई उठून बाहेर गेल्या.

ते थांबले नाहीत. "शंभर कर."

"आणि परत फुगली तर? परत दोन दिवस मी काय करू?"

"तवाचं तवा बघू."

सेटिंग कुठं असते ते मला माहीत नव्हतं. एकेक अक्षर निवडत त्यांनीच सांगितलं. दोनदा चुकलं. एक्क्याऐंशी झाले तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी मात्र शंभर होईपर्यंत तिथंच बसून राहिले.

दिवाळीच्या आधी ते बोटही थांबलं. आता मी पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिली आहेत. मी एकेक अक्षर म्हणते, ते पापणी लववतात. काल अर्धा तास लागला. मधे मी दोनदा चुकले, एकदा चिडले. शब्द होता 'कूस'.

मी त्यांची कूस बदलली.