नमुना वेगळा होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा देवापुढं बसून मनातल्या मनात सांगायला घेतलं, तर तिथंही मी थोडं फिरवून सांगायला लागले — आणि मग उठलेच. तुम्हाला सरळ सांगायचा प्रयत्न करते. जमेल का, माहीत नाही.

आधी माझं काम सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरात एका क्लिअरिंग एजंटकडं मी नोकरी करते. परदेशातून माल आला की त्यावर सरकारचं शुल्क किती, हे ठरवायच्या आधी तो माल नेमका काय आहे ते ठरवावं लागतं. जाकीट म्हणजे जाकीट, असं तिथं चालत नाही. विणीचं की मागावरचं? पुरुषाचं की बाईचं? — तर डावी बाजू उजवीवर येते की उजवी डावीवर, ते बघायचं. आणि कापडावर प्लास्टिकचा लेप आहे का? तो लेपही साध्या डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसती चमक किंवा बदललेला रंग धरत नाहीत. लेप दिसला तर जाकीट एका गटात, नाही दिसला तर दुसऱ्या. एका गटात किमतीच्या टक्क्यानं शुल्क, दुसऱ्यात तो टक्का किंवा नगामागे ठरलेली रक्कम, यांतलं जे जास्त भरेल ते. स्वस्त मालाला यानं केवढा फरक पडतो, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

कापड ओळखण्यात माझा हात चांगला होता. होता म्हणजे, लोक तसं म्हणायचे आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. आमचे मालक मोईनभाई नव्या गिऱ्हाइकाला माझ्या टेबलाशी आणून म्हणायचे, "मॅडम हाथ लगाके बोलते, किताब बाद में खोलते." मी मान खाली घालून हसायचे. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कारकुनी. कुणाचं असं कौतुक झालेलं मी घरात पाहिलं नव्हतं. पण हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं सांगतेय.

कैलास आमचं एक गिऱ्हाईक, गंगापूरकडचा. घरची शेती भाऊ करायचा, आणि हा शहरात येऊन कारखान्यांना कामगारांचे कपडे पुरवायचा — हातमोजे, एप्रन, गमबूट. एका कंपनीच्या शीतगृहात काम करणाऱ्या माणसांसाठी जाड, भरीव जाकिटं पुरवायचं मोठं काम त्याला मिळालं. आयुष्यातलं पहिलं मोठं काम. बायकोचा भाऊ नंदू चीनमध्ये एका व्यापाऱ्याकडं नोकरीला होता, त्यानं तिथून माल बघून द्यायचा ठरलं. नंदूनं नमुना पाठवला. कैलासनं तो पिशवीसुद्धा न उघडता आमच्याकडं आणून दिला. "तुमीच बघा म्याडम," म्हणाला, "मला त्यातलं काय कळतं?"

गडद निळं जाकीट होतं. मी बाहेरून हात फिरवला. कापड गुळगुळीत, घट्ट लागलं. याआधी असाच माल आला होता, त्याला आतून पांढरा लेप होता. मी म्हटलं, लेप आहे.

अस्तर उसवून बघायला हवं होतं. कापडाची आतली बाजू अस्तराखाली होती — ती न बघता कसं ठरवणार? ब्लेड माझ्या खणातच होतं. दोन मिनिटांचं काम. मग का नाही केलं? घाई नव्हती. कुणी थांबलेलं नव्हतं. समोर कैलास बसला होता, आणि मला त्याच्यासमोर उसवून, वाकून, भिंग लावून बघायचं नव्हतं. हात लावून सांगायचं होतं. एवढंच.

संध्याकाळी मोईनभाईंनी विचारलं, "अस्तर खोल के देखे ना मॅडम?"

"हौ," मी म्हणाले. "देखा."

माल कस्टमच्या डेपोत आला. तपासणीला अप्रेझरनं, म्हणजे माल तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, एक जाकीट काढलं, अस्तर फाडलं, कापड उजेडात धरलं. लेप नव्हताच. नुसतं दाबून गुळगुळीत केलेलं कापड. म्हणजे गट चुकीचा, आणि चुकीच्या गटानं शुल्क कमी पडत होतं — म्हणजे संशय. माल अडवला. आमच्या ऑफिसला विचारणा आली, की हे लेपाचं तुम्ही कशावरून लिहिलंत?

मोईनभाईंचा चेहरा पांढरा पडला होता, त्यांच्या परवान्याचा प्रश्न होता. ते मला एवढंच म्हणाले, की उद्या सकाळी नमुना घेऊन बसू. रागावले नाहीत. ते रागावले असते तर — पण नाही, हेही कारण नको.

दुपारी डोकं दुखतंय सांगून मी नमुना पिशवीत घालून घरी आले. सिडकोतल्या आमच्या घरात त्या वेळी कुणी नसतं. दाराला कडी लावली, जाकीट स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलं आणि अस्तर उसवलं. उसवताना मी काय मागत होते, सांगू? लेप निघू दे. नमुन्याला लेप असेल तर मी चुकलेली नसेन, मग पाठवणाऱ्यानं माल बदलला असेल. खिडकीशी नेऊन बघितलं. उलटंसुलटं केलं. नखानं खरवडलं. काहीच नव्हतं. डेपोत पडलेल्या मालाचंच कापड, धाग्याला धागा.

कुकरची शिट्टी शेजारच्या घरातून येत होती. मग खाली कचऱ्याची घंटागाडी आली. रोज सकाळी यायची, त्या दिवशी उशिरा आली होती. मी जाकीट कात्रीनं कापलं, भाजीच्या देठांत गुंडाळलं आणि खाली जाऊन स्वतःच्या हातानं गाडीत टाकलं. गाडीवरची बाई म्हणाली, "ओला-सुका येगळा करत जा ताई." मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगितलं — नमुना साफसफाईत गेला. आणि मग, कुणी विचारलंही नसताना, पुढचं सांगितलं. नमुना वेगळा होता. त्याला लेप होता. मी अस्तर उसवून डोळ्यांनी पाहिला होता.

चूक कबूल केली असती तर काय झालं असतं? मला कामावरून काढलं असतं? कदाचित. मोईनभाई मला अनेक वर्षं ओळखत होते, कदाचित नसतंही काढलं. फार तर लोकांनी माझ्या हाताचं कौतुक करणं थांबवलं असतं. मला तेच नको होतं. आणि या वाक्यानं मी सुटले, ऑफिस सुटलं. दोष गेला कैलासकडं — नमुना एक दाखवून माल दुसरा आणणारा माणूस म्हणून.

कैलास ऑफिसात आला तेव्हा भांडला नाही. मला वाटलं होतं भांडेल. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "म्याडम, तुमी सोता पाह्यलं ना?" मी म्हणाले, हो. तो हळूच म्हणाला, "म्हंजी नंदूनंच खाल्लं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं — खरंच आलं नव्हतं. नमुना आणि माल, दोन्ही नंदूनंच पाठवले होते. मधे कुणी हातच लावला नव्हता. माझं म्हणणं खरं असेल तर नंदूनं चांगल्या कापडाचा नमुना दाखवून हलका माल भरला, आणि मधला फरक खिशात घातला. दुसरा अर्थच निघत नव्हता. कैलासनं तो तिथंच, माझ्यासमोर काढला. मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवला.

पुढचं तुटक कानावर आलं. दंड झाला. माल सुटेपर्यंत कंपनीनं काम दुसऱ्याला दिलं. आमच्या ऑफिसनं कैलासचं काम घेणं बंद केलं, आणि असल्या गोष्टी पसरायला वेळ लागत नाही, दुसऱ्यांनीही बंद केलं. नंदू फोनवर रडून सांगत होता म्हणे, की आईची शपथ, तोच माल आहे. कैलासनं त्याचा नंबर बंद करून टाकला. मग त्याचं शहरातलं दुकानही बंद झालं. मी दोन-तीनदा त्या रस्त्यानं गेले, शटर खाली होतं. पुढं मी तो रस्ता सोडला.

इथवर आलात तर तुम्हाला वाटेल, सांगून झालं. नाही. याहून वाईट अजून आहे.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या सासरची मंडळी पुण्याहून आली, त्यांना अजिंठा दाखवायला नेलं. येताना फर्दापूरला जेवायला थांबलो. गल्ल्यावर कैलास होता. केस पिकलेले, अंगानं सुटलेला. मला वाटलं, परत गाडीत बसावं. पण त्यानं ओळखलं, आणि हसला — मनापासून हसला हो. "अगं, शहरातल्या म्याडम आल्यात," म्हणून बायकोला हाक मारली. पाहुण्यांना सांगितलं, "ऑफिसात सगळे माझ्या अंगावर आले, एकट्या ह्या म्याडमनी पाणी दिलं." पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मी शेवभाजी खाल्ली. सगळी खाल्ली.

मागं हात धुवायला गेले, तर त्याची बायको तांब्या घेऊन उभी. सुनीता तिचं नाव. माहेर सोयगावचं — जीपनं गेलं की पोचलं, इतक्या जवळ. मागं कैलासची हाक ऐकू येत होती, तो दुसऱ्या टेबलाकडं होता.

"म्याडम, एक इचारू का? ह्यांच्या म्होरं नाय इचारता येत."

मी हात धूतच राहिले.

"तुमी डोळ्यानं पाह्यलं व्हतं. त्यो नमुना खरंच येगळा व्हता का? नंदू अजून बी नायच म्हनतो. माय सांगती, गावी आला की जेवत नाय नीट. मी जात नाय तिकडं. ह्ये जाऊ देत नायत असं नाय — मीच जात नाय. ज्यानं माझ्या संसारावर पाय दिला, त्याचं तोंड कशाला बघू? पन कधी कधी वाटतं, खरंच खरं बोलत आसंल तर?"

आता मला सांगा — तिथं कुणाची भीती होती? ना अप्रेझर, ना मालक, ना नोकरीचा प्रश्न. नोकरी संपायला आली माझी. समोर एक बाई होती, हातात तांब्या, आणि ती एका शब्दाची वाट बघत होती. मी "नाही" म्हणाले असते तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बसली असती. मला हे तेव्हाही कळत होतं. नंतर कळलं असं नाही. तेव्हा, त्या मोरीपाशी, स्पष्ट कळत होतं.

"व्हय," मी म्हणाले. तिच्याच बोलीत म्हणाले. "येगळाच व्हता."

तिनं मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं का, मी बघितलं नाही. "बरं झालं इचारलं," ती म्हणाली. "लई दिस डोक्यात व्हतं. आता त्याचा इचार सोडते." आणि मला हात पुसायला स्वतःचा पदर पुढं केला.

मी पुसले.

त्याला आता वर्ष होईल. फर्दापूर काही परदेशात नाही, अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. हॉटेलच्या पाटीवर फोन नंबर होता, तो मला पाठ आहे. मी लावलेला नाही. उद्या लावेन, असंही म्हणत नाही. तसं म्हणायची मला सवय आहे, आणि म्हटल्यावर बरं वाटतं, म्हणून म्हणत नाही.

नमुना तोच होता. नंदू पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. त्याच्या बहिणीनं मला ते सरळ विचारलं, आणि मी तिला ते सांगितलं नाही.