वहिनीसाहेब हरत नसत

चेंडू जमिनीला टेकायच्या आधीच वहिनीसाहेब "आउट!" म्हणून ओरडत. समोरच्या बाईने मारलेला चेंडू अजून जाळीवरच असायचा आणि पलीकडून निकाल लागलेला असायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं ओरडतानाच. पोस्टमास्तरांच्या बायकोचा एक चांगला चेंडू चुन्याच्या रेघेच्या हातभर आत पडला, आणि वहिनीसाहेबांनी तो बाहेर ठरवला. पोस्टमास्तरीणबाई लगेच म्हणाल्या, "हो हो, बाहेरच होता. माझीच नजर अधू." त्यांचं बिऱ्हाड वहिनीसाहेबांच्याच घरात भाड्याने होतं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलंय. पण वहिनीसाहेबांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला त्या होत्या तेव्हा अख्खी वणी होती. तेव्हा मी आपली खरं ते सांगते.

आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला, त्याच्या पुढच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. वणीला भाऊसाहेबांचं जिनिंग होतं. तिथे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांवर माझे बाबा फिटर होते आणि आम्ही कंपाउंडातल्याच क्वार्टरात राहायचो. भाऊसाहेबांनी नागपूरची बायको केली, त्याच या वहिनीसाहेब, त्यांच्याबरोबर दोन रॅकेटी आल्या, आणि ज्या पटांगणात हंगामात कापसाचे ढीग लागायचे तिथं टेनिसचं कोर्ट झालं. मुरूम टाकला, रोलर फिरवला, आणि कामावरच्या दोन बाया रोज सकाळी ते शेणाने सारवू लागल्या. सारवून वाळेपर्यंत वहिनीसाहेब चहा घेत आणि त्या बायांना म्हणत, "चेंडू सरळ उसळला पाहिजे बरं का. मागच्या वेळी तुमच्या सारवणामुळे माझा पॉइंट गेला." दिवाळीनंतर कापूस आला की खेळ बंद, फाल्गुनात ढीग उठले की पुन्हा सुरू.

बंगल्याच्या व्हरांड्यात एक फळा होता. रुईच्या गाठींवर नंबर टाकणारा पेंटर त्यावर वहिनीसाहेबांचे निकाल रंगवायचा. मारेगावच्या डॉक्टरीणबाईंवर विजय, सहा-दोन, सहा-एक. उमरखेडहून पाहुण्या आलेल्या वकिलीणबाईंवर विजय, सहा-शून्य, सहा-शून्य. त्या वकिलीणबाईंनी रॅकेट जन्मात पहिल्यांदा हातात धरली होती. त्यांच्यावरचा विजयसुद्धा फळ्यावर! येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनीसाहेब त्या फळ्यापुढे उभं करायच्या आणि म्हणायच्या, "काय करणार, हरायची सवयच नाही मला."

हळूहळू गावातल्या सगळ्या बायका हरून संपल्या. मग माझी पाळी आली. मी सतरा वर्षांची, शाळेत खो-खोत कुणाच्या हाती लागत नसे. वहिनीसाहेबांनी मला एक जुनी रॅकेट दिली, चार दिवस शिकवलं, आणि पाचव्या दिवशी मी त्यांना अख्ख्या एका सेटमध्ये हरवलं. दुपारीच बाबांना ऑफिसात बोलावणं आलं. संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले आणि मला समोर बसवून म्हणाले, "हे पाय कमल, हारजो. पण असं हारजो का तिले वाटलं पायजे का थेच जितली. आपल्या डोक्यावरचं छप्पर त्याइचं हाये."

मग दोन वर्षं मी हरले. लोकांना वाटतं हरणं सोपं असतं. करून पाहावं! चेंडू रेघेच्या हातभर बाहेर मारला तर लबाडी दिसते. तो दोन बोटं बाहेर पडायला हवा, मी जीव तोडून धावायला हवं, आणि वर मला हळहळही वाटायला हवी. रोज पहाटे त्या दोन बाया सारवत असताना मी जिनिंगच्या भिंतीवर चेंडू मारत बसे, पाहिजे त्या विटेवर. माझा हात बसला तो असा, हरण्यापायी.

आणि हरून झालं की व्याख्यान. वहिनीसाहेब टॉवेलने मान पुसत अर्धा अर्धा तास मला उन्हात उभं करून माझ्या चुका सांगायच्या. "तू बॉलकडे बघतच नाहीस, कमल." "तुझा फोरहँड म्हणजे लाकडं फोडणं आहे." "गेम रक्तात असावा लागतो, त्याला तू तरी काय करणार!" मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, काय मूर्ख बाई आहे ही! खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांची थोडी दयाही यायची.

तिसऱ्या वर्षी दिवाळीआधी नागपूरला बायकांच्या स्पर्धा होत्या. वहिनीसाहेबांना तिथे जिंकायचं होतं. भाऊसाहेबांनी फॉर्म भरले, एक त्यांचा आणि एक माझा, आणि कुणाला तरी गाठून पहिल्याच फेरीत आम्हा दोघींची गाठ घालून घेतली. म्हणजे एक विजय घरूनच नेलेला. भाऊसाहेब धंद्यात हुशार होते. पण नागपूरला रेघेवर बसलेला पंच आपल्या घरात भाड्याने राहत नाही, एवढं काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. निघताना बाबा मोटारीजवळ आले आणि मला एवढंच म्हणाले, "ध्यानात हाये ना, माय?"

ध्यानात होतं. पहिला गेम मी द्यायला सुरुवात केली, तर देता येईना. वहिनीसाहेबांची सर्व्हिस जाळीतच जाऊ लागली. "आउट!" म्हणून त्या ओरडल्या तर पंच म्हणाला, "बाई, ते मी बघतो." बाकांवरच्या पोरी हसू लागल्या. मी हातात आलेले सोपे चेंडू जाळीत घातले, पायात पाय अडकवून पडले, आणि कसाबसा तो गेम वहिनीसाहेबांच्या पदरात टाकला.

बाजू बदलताना आम्ही जाळीच्या खांबापाशी समोरासमोर आलो. वहिनीसाहेब ओठ न हलवता म्हणाल्या, "कमल, इथे लोक बघताहेत. असं उघडं हरू नकोस. घरी हरतेस ना, तसं नीट हर. वडील कुठे कामाला आहेत, विसरू नकोस."

म्हणजे यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पोस्टमास्तरीणबाईंचं, डॉक्टरीणबाईंचं, माझं, सगळं. माहीत असून त्यांनी तो फळा रंगवून घेतला होता, माहीत असून मला उन्हात उभं करून माझ्या रक्ताच्या गोष्टी केल्या होत्या. दोन वर्षं मी त्यांना मूर्ख समजत होते, आणि मूर्ख मीच. आयुष्यात मला पुष्कळ माणसांचा राग आला, पण एवढी किळस कुणाची आली नाही. घर, बाबा, छप्पर सगळं डोळ्यांपुढे होतं, आणि तरी माझा हात थांबेना.

त्यानंतर वहिनीसाहेबांना एकही गेम मिळाला नाही. मी चेंडू डाव्या कोपऱ्यात टाकला, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या, आणि त्यांना धावायला लावलं. दुसऱ्या सेटच्या मध्यावर त्या धावायच्याही थांबल्या. शेवटी मी हात पुढे केला, तर त्या टॉवेल घेऊन सरळ मोटारीत जाऊन बसल्या. मोटार मला न घेताच वणीला निघून गेली.

मी दुसऱ्या फेरीला थांबले नाही. माजरीला गाडी बदलून एकटी परत आले. बाबांनी उभ्या जन्मात दुसरं काम केलं नव्हतं, आणि माझ्या पाठीवर तीन भावंडं. कसलं जिंकणं आणि कसलं काय, असं वाटून मी डब्यात रडले.

क्वार्टरपाशी आले तेव्हा बाबा पायरीवर बसले होते. शेजारी त्यांच्या पान्यांची पेटी होती. आत आई भांडी पोत्यात भरत होती.

"ड्रायव्हर सांगून गेला," बाबा म्हणाले. "उद्यापासून येऊ नोको म्हनलं भाऊसायबानं. आठ दिसात क्वार्टर खाली करा लागते."

"चुकलं माझं, बाबा."

"कितीनं जितली?"

"सहा-एक, सहा-शून्य."

बाबांनी पेटीची कडी लावली, आणि मान वर करून, खरोखर चिडून म्हणाले, "मंग थो एक कायले देल्ला तिले?"