चाळणीत उरलेली कणी

प्रा. नारायण वाघमोडे सरांना मी प्रथम पाहिले ते जालन्यातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, तळहातावर मक्याचा स्टार्च चोळताना. संशोधनासाठी आले आहे असे सांगितल्यावर ते म्हणाले, "आधी हे वाळवायला शीक. ओल राह्यली की फिल्मला फोड येतात." पहिला महिना मी केवळ स्टार्च वाळवला.

सरांना मातीत विरणारी पिशवी बनवायची होती; पण नुसता स्टार्च प्लास्टिकशी जुळवून घेत नाही. फिल्म, म्हणजे पिशवीचा पातळ पापुद्रा, हातात फाटते. सरांनी त्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो प्लास्टिकमध्ये असा मिसळला, की पिशवी ताण सोसू लागली. एका कारखानदार शेठजींना ती पसंत पडली. ती मातीत विरते असा अहवाल सरांनी दिला की उत्पादन सुरू करायचे आणि मला तिथे नोकरी द्यायची, असे ठरले. वडील अंथरुणाला खिळलेले होते. मला ती नोकरी हवीच होती.

केदारखेड्याला सरांच्या भावाच्या शेतात आम्ही फिल्मच्या पट्ट्या पुरल्या होत्या. मुदतीनंतर उकरले, तर पट्टी दिसेना. मी आनंदाने वहीत 'विरली' असे लिहिले. सरांनी वहिनींकडून पिठाची चाळणी मागवली आणि तिथली माती चाळली. चाळणीत पांढरी कणी उरली. वहिनींनी ती चाळणी पुन्हा घरात घेतली नाही, हा भाग वेगळा.

शेठजी म्हणाले, "सर, माती कोण चाळून पाहून राह्यलं? एक सही करा, पोरीचं बी भलं होईल."

"स्टार्च गेला, प्लास्टिक तसंच हाये. बारीक झालंय, एवढंच. विरलं असं मी बिलकुल लिहिणार न्हाई."

नोकरी गेली. मी सरांना नको ते बोलले आणि मग चार महिने बोललेच नाही. सरांनी स्वतःची बाजू मांडली नाही. अंबडच्या महाविद्यालयात जागा निघाल्याचे कळताच मात्र ते अर्ज घेऊन जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आले. मुलाखतीच्या दिवशी माझ्यासोबत एसटीने येऊन दाराबाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिले. त्या नोकरीत मी आजही आहे.

सर आता पंच्याहत्तर वर्षांचे झाले. पट्ट्या पुरणे चालूच आहे. अजून एकही पुरती विरलेली नाही, आणि हे ते विचारील त्याला हसत सांगतात.

त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या शुभेच्छेत माझा स्वार्थ आहे, हे कबूल करते. सर आहेत तोवर मला खोटे लिहायची भीती वाटते.