पंखावर बर्फ, घरात सुतक

तळेगावच्या चौकात माझ्या भाच्याचा फ्लेक्स लागला, तेव्हा तो अजून पायलट झालेला नव्हता. फ्लेक्सवर मात्र तो काळा चष्मा लावून, अर्धं गाव मावेल अशा विमानासमोर उभा होता. प्रत्यक्षात कॅनडात तो जे विमान भाड्यानं घेऊन उडवायचा, ते आपल्या ऑटोपेक्षा फार ऐसपैस नव्हतं. भाच्याहून मोठा फोटो मुख्य अतिथींचा होता. या साहेबांनी बरेचदा पुढे ढकलून अखेर सत्काराची तारीख दिली होती, आणि भाच्याचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, ती तारीख पंचांगातूनच निघाल्यासारखी जपत होते. बँड ठरला, मंडप ठरला, भाच्याचं तिकीट निघालं. पायलटच्या नोकरीसाठी जे लायसन्स लागतं, त्याकरता एकट्यानं करायची एक लांबची फेरी तेवढी उरली होती.

त्या रविवारी माझ्या शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळी मी सावंगीहून ताईकडे गेलो होतो. भाऊजींचं बी-बियाण्यांचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. काउंटरवर फोन टेकवून ते भाच्याशी बोलत होते. तिकडे रात्र होती, आणि तो खोलीतही जाड जॅकेट घालून बसला होता.

"झाली काय फेरी?"

"नाई बाबा. अर्ध्यातून वापस आलो."

"काऊन?"

"पंखाले बरफ लागला."

भाऊजी हसले. "बरफ त आपल्या फ्रीजातबी जमते. तुही आई सुरीनं खरवडून काढते."

"बाबा, फ्रीज उडत नाई."

मग त्यानं सांगितलं ते असं. तो ढगांच्या खालून चालला होता. वाटेत बारीक पाऊस लागला. तिकडच्या थंडीत पाऊस शून्याखाली गेला तरी कधी कधी पाणीच राहतो, आणि कशाला शिवला की जागीच गोठतो. आधी समोरची काच धुरकट झाली, मग पांढरी. पंखाच्या पुढच्या कडेवर खडबडीत थर चढला. मोठ्या विमानांत तो काढायची सोय असते. या विमानात नव्हती.

"वजनाचं एवढं नाई, मामा," तो मला म्हणाला, "पंखाचा आकारच बदलते. मंग हवा त्याले उचलत नाई. इंजिन फुल, आन् विमान खालीच येऊन राह्यलं. स्पीडचा काटा खरा सांगते का खोटा, त्याचाबी भरोसा नोता."

भाऊजींनी काउंटरवरचा फोन जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "उद्या हवा कशी हाये?"

"अशीच."

"मंग?"

"पाह्यतो. सकाळी निघतो. झाली त झाली."

फ्लेक्सचा फोटो त्याच्या वडिलांनी त्याला कधीच पाठवला होता. "झाली त झाली" म्हणताना तो पडद्याकडे बघत नव्हता. मला भीती वाटली ती तिथं.

मी बोलून पाहिलं. वाचलेलं सगळं सांगितलं: अशा वेळी माणसं बर्फापेक्षा पोचायच्या घाईनं जास्त मरतात, असं. भाऊजींनी ते सत्कारातलं प्रास्ताविक ऐकावं तसं ऐकलं.

"मास्तर, साहेबाची तारीख पुन्हा नाई भेटत. अख्खा समाज येऊन राह्यला. काय सांगू लोकायले, पोरगा पाण्याले भ्याला म्हणून?"

ताई आतून कणकेच्या हातानं बाहेर आली. तिनं सगळं ऐकलेलं होतं. "फोन ठेवू नोको," ती पोराला म्हणाली, पदराला हात पुसला आणि भाऊजींच्या दुसऱ्या फोनवरून साहेबांना लावला.

"नमस्कार जी. आमच्या इथं सुतक पडलं. कार्यक्रम नाई होत आता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "आमच्या मालकाच्या दूरच्या चुलत काकू. हो जी, म्हाताऱ्याच होत्या."

आपल्याकडे साहेबांसाठी रस्ता बंद होतो, शाळा लवकर सुटते. पण सुतकाला साहेबही 'काऊन' म्हणत नाहीत. त्यांनी दुःख व्यक्त केलं, आणि त्यांचा एक दिवस मोकळा झाला.

भाऊजींचा चेहरा उतरला होता. "अवं, कोण मेलं?"

"कोणीच नाई."

"मंग असं अभद्र काऊन बोलली?"

"खरं सुतक पाह्यजे होतं काय तुमाले?"

मग ती पडद्याकडे वळली. "बाबू, आता इथं कोणी तुही वाट पाहून नाई राह्यलं. उद्या जाऊ नोको."

फोन बंद झाला. तो ऐकेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या दिवशी परत गेलो नाही. दुपारी कार्यक्रम रद्द झाल्याचं कळून शेजारचे एक गृहस्थ समाचाराला आले. भाऊजींनी त्यांना काकूचा दमा, शेवटचे दिवस असं सगळं तपशीलवार सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. तो काकूसाठी नसावा. ताईनं पोळ्या वाढल्या, पण तिचं ताट तसंच राहिलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, ताईच्या फोनवर फोटो आला. दोरांनी बांधलेलं लहानसं विमान, पंखांवर ताडपत्री, ताडपत्रीवर काचेसारखा बर्फ. खाली लिहिलं होतं, "थांबलो."

ताई उठली आणि देवापुढं दिवा लावायला काडेपेटी घेतली. भाऊजींनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "सुतक हाये आपल्याले."