आधी एसी, मग फॅन, मग किल्ली

पद्माक्कांनी गाडीची दारं बंद केली, काचा वर घेतल्या, एसी लावला आणि मागच्या सीटवर बसलेल्या मला म्हणाल्या, "अण्णा, आता नाकाने सांगा."

नाकाला फार वेळ लागला नाही. ओले मोजे पिशवीत कोंबून ठेवावेत तसा वास. हाच वास मी काही आठवड्यांपूर्वी याच गाडीतून काढून दिला होता. पुढे शेजारच्या सीटवर त्यांचे यजमान राव नाकाला रुमाल लावून बसले होते. एसीची हवा अंगावर आली आणि ते खोकायला लागले.

"तुम्ही कॉइल धुतली होती ना?" पद्माक्कांनी विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही. आवाज न चढवणाऱ्या गिऱ्हाइकाची मला जास्त धास्ती वाटते.

बेंगळुरूत यशवंतपूरच्या मार्केटमागे माझं वर्कशॉप आहे. फक्त गाड्यांच्या एसीचं काम. वास येतो म्हणून येणाऱ्या गाड्या पुष्कळ असतात. लोक तक्रार गाडीची करतात, आणि दोष बहुतेक वेळा बटणं दाबणाऱ्या त्यांच्या बोटांचा असतो. हे तोंडावर सांगितलं की गिऱ्हाईक तुटतं, म्हणून मी कॉइल धुतो, एअर फ्रेशनर लावू नका म्हणून सांगतो आणि गप्प बसतो.

पद्माक्कांच्या बाबतीत गप्प बसता आलं नव्हतं, कारण पहिल्याच खेपेला त्यांनी मला स्टुलावर बसवून विचारलं होतं की हा वास मुळात तयार कसा होतो. मी सांगितलं. डॅशबोर्डच्या मागे एक कॉइल असते. एसी चालू असताना ती गार पडते. फॅनची हवा तिच्यावरून जाते, हवेतलं पाणी तिच्यावर जमतं आणि नळीतून गाडीखाली टपकतं. घरी पोचल्यावर आपण एसी चालू असतानाच किल्ली फिरवतो. कॉइल ओलीच राहते. आत अंधार, दमट, हळूहळू ऊब. रात्रभर तिथे बुरशी वाढते आणि सकाळी फॅन लावला की ती आपल्या नाकात येते.

"म्हणजे मी गाडीत इडलीचं पीठ आंबवतेय," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं मी लोकांना हे समजावतोय, पण एका वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं की एसी चालू ठेवून गाडी बंद केली तर मशीन बिघडतं का. बरोबर प्रश्न होता. नव्या गाड्यांत तसं काही बिघडत नाही, तो जुना समज आहे. खरी भानगड त्या पाण्याची. उपायही सोपा. घर जवळ आलं की बर्फाच्या फुलाचं चित्र असलेलं एसीचं बटण बंद करायचं आणि बाहेरची हवा आत घ्यायची. फॅन मात्र चालू ठेवायचा. त्या हवेने कॉइल सुकते. मग फॅन बंद, मग गाडी बंद. त्यांनी ते माझ्यासमोर म्हणून दाखवलं आणि "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून गेल्या.

आणि आता पुन्हा तोच वास.

यात त्यांचं काय पणाला लागलं होतं ते मला माहीत होतं. पद्माक्का साठीनंतर गाडी शिकल्या. मुलगी होसकोट्याला राहते, तिला लहान मुलगी आहे. दर रविवारी हे दोघं राजाजीनगरहून निघून सगळं बेंगळुरू पार करत तिकडे जायचे. रावांना गाडी येत नाही. ते शेजारी बसून सिग्नल कुठला लागेल ते सांगायचे. अलीकडे गाडीत बसलं की त्यांना खोकला यायचा. डॉक्टरांना छातीत काही सापडलं नाही. मुलाचं म्हणणं, या वयात गाडी कशाला, विकून टाका, टॅक्सीने जा. रावांना अनोळखी ड्रायव्हरच्या गाडीत बसायला आवडत नाही. ते म्हणायला लागले होते, तू जा, मी घरीच बरा. दोन रविवार त्या एकट्याच गेल्या होत्या.

"गाडी गेली तरी मी जाईन," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण हे यायचे नाहीत. मग नातीला आजोबा फोनमध्येच दिसणार."

माझ्या मेकॅनिकने सुचवलं की आता डॅशबोर्ड उघडून कॉइलच बदलू. मोठं काम, पण वास नक्की गेला असता. मी तसं सांगणारच होतो. पद्माक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबा. आधी कारण बघू. तुम्ही आमच्याबरोबर घरापर्यंत चला आणि मी काय चुकतेय ते सांगा."

मी काय चुकतेय. हे शब्द मी डीलरकडे नोकरीला होतो तेव्हा ऐकले नव्हते आणि स्वतःचं वर्कशॉप टाकल्यावरही नाही. मी हात धुतले आणि मागे जाऊन बसलो.

बाई गाडी सुंदर चालवत होत्या. निघताना काचा खाली करून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ दिली, मग एसी लावला. हे करणारी माणसंही हाताच्या बोटांवर मोजावीत. राव रुमालाआडून मला त्यांच्या नोकरीच्या गोष्टी सांगत होते. ते वीज खात्यातून रिटायर झाले. रिकाम्या खोलीत चालू असलेला पंखा त्यांनी जन्मात सहन केलेला नाही, असं पद्माक्का मध्येच म्हणाल्या.

घराच्या अलीकडे दुधाचा बूथ आला. पद्माक्कांनी एसीचं बटण दाबलं, बाहेरच्या हवेचा खटका सरकवला. फॅन चालू. अगदी मी सांगितलं तसं. मग गाडी त्यांच्या गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला लावलेल्या स्कूटर. बाईंचं सगळं लक्ष रस्त्यावर.

आणि तेवढ्यात रावांचा उजवा हात पुढे आला. मला गोष्ट सांगता सांगता, डॅशबोर्डकडे न बघता, त्यांनी फॅनचा नॉब फिरवून शून्यावर आणला. एसी बंद झाला, हवा गार येईना, मग पंखा कशाला फिरतोय. त्यांच्या लेखी ती रिकामी खोली होती.

 राव गेट उघडायला उतरले, तेव्हा मी पद्माक्कांना सांगितलं. त्यांनी आधी नॉबकडे पाहिलं, मग गेटशी वाकलेल्या नवऱ्याकडे. पदर तोंडावर धरून त्या हसत राहिल्या. हसू थांबलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"ह्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "आपल्याच हाताने आपल्याला त्रास झाला हे कळलं तर हे या गाडीत पाय ठेवणार नाहीत. तुम्ही कॉफीला या. मी बोलते, तुम्ही फक्त मान हलवा."

कॉफी आली. पद्माक्का सहज म्हणाल्या, "अहो, अण्णा म्हणतात, चालवणाऱ्याने एसीच्या बटणांकडे बघू नये. लक्ष रस्त्यावर हवं. शेजारी बसलेल्याने ते काम करावं."

मी मान हलवली. खोटंही नव्हतं ते.

राव सावरून बसले. आमच्याकडे शटडाऊनचा सीक्वेन्स असतो, म्हणाले. आधी लोड काढायचा, मग मेन बंद करायचा. उलट केलं तर कुणाचा तरी जीव जातो. मग त्यांनी मला विचारलं, "इथला सीक्वेन्स काय?"

"आधी एसी. मग फॅन थोडा वेळ चालू. मग फॅन बंद. शेवटी किल्ली."

"एसी गेल्यावर फॅन कशाला?"

मी पाण्याचं आणि बुरशीचं सगळं पुन्हा सांगितलं. ऐकताना ते कपातल्या कॉफीकडे बघत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "बरोबर आहे. ही ड्यूटी माझी."

बायकोने नवऱ्याची चूक काढली असती तर त्या घरात महिनाभर अबोला झाला असता. तिने त्याला चार्ज दिला. मी बऱ्याच मॅनेजरांच्या हाताखाली काम केलं आहे, पण माणसाचा मान राखून त्याच्याकडून काम कसं करून घ्यावं हे मला त्या बाईंनी शिकवलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं, अजून वाटतं.

मी कॉइल फोम मारून पुन्हा धुतली, केबिन फिल्टर बदलला. डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही. वास गेला तो गेलाच. रविवार पुन्हा सुरू झाले. मुलाने गाडी विकायचा विषय सोडला.

पुढे सर्व्हिसिंगला दोघं आले, तेव्हा पद्माक्का समोर फुलं घ्यायला गेल्या होत्या. राव माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तो नॉब मीच बंद करत होतो. कॉफी पिताना कळलं मला. पण तिला सांगू नका. तिला वाटतंय, मला कळलं नाही."

मी दोघांनाही शब्द दिला आहे आणि तो पाळतो आहे. दोघं घरी मराठी बोलतात, वाचतात मात्र कन्नड. माझी नोकरीची काही वर्षं पुण्यात गेली म्हणून मला मराठी लिहिता येतं, आणि त्यांना ते वाचता येत नाही म्हणून हे लिहायची हिंमत झाली. तुम्ही वाचलंत, तर तुमच्या गाडीपुरतं लक्षात ठेवा. आधी एसी, मग फॅन, मग किल्ली. शेजारी कोणी बसत असेल तर ही ड्यूटी त्याला द्या.