‘घेतलं’ म्हणेपर्यंत

“काकू, घेतलंत?”

गडग्यापलीकडून वाटी पुढे करताना ती हे हमखास विचारायची. मी “घेतलं” असं मोठ्याने म्हणेपर्यंत तिची बोटं वाटीच्या काठावरून सुटत नसत. मान डोलावून चालायचं नाही, हसून तर मुळीच नाही. मांडवीतल्या आमच्या दोन घरांमध्ये जांभ्याचा कमरेइतका गडगा आहे. दुपारी तो तापला की भाजलेल्या मातीचा वास येतो आणि संध्याकाळी त्याच्या भोकाभोकांत समुद्राचा ओलावा उतरतो. त्या गडग्यावरून ओल्या काजूंची उसळ, फणसाची सांदणं असं कितीतरी इकडून तिकडे गेलं. एकदा कुळथाच्या पिठीचं उकळतं पातेलं मधोमध धरून आम्ही दोघी उभ्या होतो. फडक्यातून चटके बसत होते आणि ही बाई शांतपणे विचारत होती, “घेतलंत?”

“अगो, घेतलं! सोड आता, नाहीतर दोघी भाजून निघू!”

तेव्हा कुठे तिने सोडलं, आणि मग हसली.

प्रत्येक आळीत असं विचित्र सवयीचं एखादं माणूस असतं. तुम्हीही पाहिलं असेल. आपण त्याची नक्कल करतो, थोडे हसतो आणि सोडून देतो. मीही सोडून दिलं असतं. पण ही सवय तिला जिथे जडली, तिथे आपल्या सर्वांचा जीव टांगलेला असतो.

ती विमानांना वाट दाखवणारी कंट्रोलर होती. नोकरी दूरच्या एका मोठ्या शहरातल्या विमानतळावर. सुट्टी मिळाली की शेजारी, वडिलांकडे यायची. आई लहानपणीच गेलेली. वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, उभा जन्म मालवाहू जहाजांवर गेला होता. त्यांना लेकीच्या सवयीचं काडीचंही नवल नव्हतं. मी शाळेत शिकवत असे, म्हणून ते मला बाई म्हणत.

“बाई, जहाजावर पण हेच. दुसरा येऊन ‘घेतलं’ बोलल्याबिगर पयल्यानं सुकाणू सोडायचं नाय. सोडलंन, तर तो खलाशी कसला?”

एका उन्हाळ्यात ती ओसरीवर चटईभर कोकमाची सालं उलटीपालटी करत बसली होती. बोटं जांभळी झाली होती. मी तिच्या कामाबद्दल विचारलं, तर तिने सालंच मांडून दाखवली. “हे विमान वर, हे त्याच्या खाली, हे आता वळणार. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, काकू. कोण कुठे चाललंय आणि पुढच्या क्षणी कुठे असेल, ते सगळं डोक्यात धरायचं. त्याला आम्ही चित्र म्हणतो. पाळी बदलताना नवा माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, ऐकतो. माझं चित्र त्याच्या डोक्यात उतरलं की तो म्हणतो, ‘घेतलं.’ मग मी उठायचं.”

“आणि तो आलाच नाही तर?”

तिने एक साल उलटं केलं. “बसून राहायचं.”

“किती वेळ?”

“काकू, एसटी थांबवता येते. विमान थांबत नाही.”

पुढे प्रत्येक सुट्टीला ती अधिक उशिरा आली आणि अधिक लवकर परतली. तिथली माणसं निवृत्त होत होती, त्यांच्या जागा रिकाम्या राहत होत्या. कोणी आजारी पडलं की आकाशाचे दोन तुकडे एकाच पडद्यावर जोडले जात आणि दोघांचं काम एकीच्या कानात ओतलं जाई. तिच्या कानामागे हेडफोनचा तांबूस वळ उमटलेला असे. इथल्या वाऱ्यात चार दिवस राहिली तरी तो जात नसे. मासळीवाली आणि अप्पा एकाच वेळी बोलू लागले की तिचे खांदे ताठ होत. मग ती दोघांनाही अचूक उत्तर देई, आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे.

मला संताप येतो तो इथे. विमानतळांवर काचेचे महाल उभे राहतात, संगमरवरात आपलं तोंड दिसतं, कारंजी नाचतात. नव्या विमानाच्या स्वागताला पाण्याच्या कमानी उडवतात. या साऱ्या थाटाला पैसा आहे, माणसं आहेत. पण विमानं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून जिथे माणूस बसतो, त्या खोलीत एक खुर्ची भरायची म्हटली की सगळ्यांचे हात आखडतात! आणि वर त्या माणसांच्या कर्तव्यनिष्ठेचं कौतुक करतात. त्या कौतुकाला मला करपलेल्या दुधाचा वास येतो.

मग ती दुपार आली. तिने ती मला पुढे गडग्याला टेकून सांगितली, अगदी कोरड्या आवाजात. सकाळपासून तिच्यापुढे दोन पडदे जोडलेले होते. जेवायची वेळ टळून गेली. पाळी बदलायला येणारा तापाने घरी होता आणि बदली कोणी नव्हतं. एका क्षणी तिला जाणवलं, की कडेचा एक ठिपका आपल्या डोक्यात नाही. पडद्यावर आहे, डोक्यात नाही. तिने तो पुन्हा धरला. थोड्या वेळाने दुसरा निसटला.

तिने हात वर केला आणि वरिष्ठांना सांगितलं, “सर, माझं चित्र जातंय. मला उठवा.”

“थोडं ओढ गं,” ते म्हणाले. “कोणाला बसवू?”

“मग उड्डाणं थांबवा. नवं एकही मला देऊ नका.”

शेवटी त्यांनी उड्डाणं रोखली. वाटेतली विमानं दुसरीकडे वळवली. तिच्या हाती जी उरली, ती एकेक करून तिने सुखरूप उतरवली. शेवटच्याची चाकं जमिनीला लागली तेव्हा ती उठली, सवयीने मागे वळली आणि म्हणाली, “घेतलंस?”

मागे कोणी नव्हतं.

त्या दिवशी प्रवासी खोळंबले, बातम्यांत आरडाओरडा झाला. आमच्या नाक्यावरच्या औषधवाल्यांचे जावईही त्यांत अडकले होते. औषधवाले अप्पांना भर दुकानात म्हणाले, “काय अप्पा, तुमच्या लेकीने आमच्या जावयाला विमानात कोंडून ठेवलंन म्हणे! घामाने भिजला बिचारा.”

अप्पांनी गोळ्यांची पुडी खिशात टाकली. “जावई घरी पोचला?”

“पोचला की.”

“जेवला?”

“जेवला.”

“मग तिला दुवा द्या, शेट. भिजलेला माणूस सुकतो.”

चौकशीच्या खोलीत मात्र असं बोलणारं कोणी नव्हतं. तिथे तिला विचारलं गेलं, “इतक्या थकला होतात, तर विश्रांती का घेतली नाहीत?” ती म्हणाली, “खुर्ची कोणाच्या हाती देऊन घेऊ?” हे उत्तर उद्धटपणाचं ठरलं. खोळंब्याचा ठपका तिच्यावर आला आणि तिला पडद्यावरून काढून टपाल सांभाळायला बसवलं. चूक होण्याआधी जी सांगते ती दोषी, आणि खुर्च्या रिकाम्या ठेवणारे कोणत्याही कागदावर नाहीत. हा न्याय ज्यांनी केला, ते विमानानेच हिंडतात. त्यांच्याही विमानाला कोणीतरी, कुठेतरी, जेवणाची वेळ टळून गेल्यावर वाट दाखवत असेल, हे त्यांच्या मनाला शिवतही नाही.

आखातातल्या एका विमानतळाने तिला नोकरीला बोलावलं. ती इथे फार रडली. “माझ्याबरोबरच्या पोरी अजून तिथेच आहेत, अप्पा. मी सोडून पळतेय.”

“तू नाय गो सोडलंस,” अप्पा म्हणाले. “तुझ्या हातातनं काढून घेतलंनी. जा बाय.”

जायच्या सकाळी रिक्षा दारात घरघरत होती. ती गडग्याशी आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. तळवे गार होते, पण पकड तीच, वाटीची.

“काकू, अप्पा... घेतलंत?”

मी मान डोलावली. ती हात सोडेना. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तरी सोडेना.

“घेतलं,” मी म्हणाले.

मागाहून कळलं, की तिची खुर्ची भरलेलीच नाही. तिचा आकाशाचा तुकडा शेजारच्या मुलीच्या पडद्याला जोडून टाकला आहे, कायमचा.

काल संध्याकाळी मी अप्पांना गडग्यावरून सांदणांची ताटली दिली. त्यांनी दोन्ही हातांनी धरली. तेवढ्यात समुद्राच्या बाजूने, फार उंचावरून, एक विमान दक्षिणेकडे निघालं होतं. उतरत्या उन्हात ते माशाच्या खवल्यासारखं चमकलं. आम्ही दोघंही वर पाहत राहिलो. ते दिसेनासं होईपर्यंत अप्पा ‘घेतलं’ म्हणाले नाहीत, आणि मीही ताटली सोडली नाही.